दाराखालचा ओला टॉवेल

बोलतो, पण आधी जरा मागेपुढे बघून घ्या, कुणी ऐकत नाही ना. मी एक छोटा राइस कुकर आहे. दोन माणसांपुरता भात शिजेल एवढाच माझा जीव. पांढरं अंग, काचेचं झाकण, समोर एकच बटण. मुक्काम सिंगापूर, पासिर रिसमधला एक फ्लॅट.

माझा स्वभाव संशयी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्याला माझाही इलाज नाही. आमच्या पोटाखाली एक लहानशी चकती बसवलेली असते. भांड्यातलं पाणी संपलं की नाही, याचा ती सारखा अंदाज घेत राहते. आहे का पाणी? अजून आहे? आता? खात्री पटली की टक् करून बटण वर उडतं. जन्मभर हेच काम केल्यावर स्वभाव दुसरा कसा होणार?

जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या आठवणी फारशा नाहीत. एका मुलीने वायर लावून मला तपासलं, तिचं समाधान झालं नाही म्हणून पुन्हा तपासलं आणि खोक्यात घातलं. पुढे लिटल इंडियातल्या एका दुकानात वरच्या फळीवर मी धूळ खात बसलो. खालचे मोठे कुकर भराभर विकले जायचे. मला हातात घेऊन लोक म्हणायचे, "एवढ्याशात काय होणार?" आणि परत ठेवून द्यायचे.

एके दिवशी सासू-सून आल्या. सून हर्षा इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधक आहे, तिचा नवरा नागसेन इंजिनिअर. सासू बेबीबाई, मूळच्या नागपूरच्या, तिथल्या इंदोरा वस्तीतल्या. त्यांचे यजमान भीमराव गेले, तेव्हा नागसेनने आईला इकडे आणलं. जूनच्या शाळेच्या सुट्टीत सगळे मिळून ग्रीसची बेटं बघायला निघाले होते. बेबीबाईंचं भाताशिवाय पान हलत नाही, म्हणून ही खरेदी.

बेबीबाईंनी मला बोटांनी ठोकून पाहिलं, उलटं केलं, झाकण लावून काढून पाहिलं. मग दुकानदाराकडे रोखून बघत म्हणाल्या, "हा ऐन वेळी दगा तर नाही देणार?" दुकानदार तमिळ, त्याला काही कळलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्याइतकं संशयी माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

ग्रीसच्या बेटांबद्दल तुम्ही निळे घुमट आणि सूर्यास्त असं काही ऐकलं असेल. ते मला विचारू नका. मी पाहिल्या त्या हॉटेलच्या खोल्या, आणि त्यांतही सॉकेटच्या आसपासचा भाग. माझी पिन सिंगापूरची, तीन पायांची. तिकडच्या भिंतींना दोनच भोकं. मध्ये एक अडॅप्टर बसवला की आम्ही कामाला लागायचो. बेटाबेटांची तुलना मी केली ती एवढ्यावरूनच.

पहिलं बेट पारोस. सॉकेट पलंगाच्या मागे, अंधारात. दारावर एक पाटी होती, ती नागसेनने आईला वाचून दाखवली: खोलीत स्वयंपाक करू नये. बेबीबाईंनी मान डोलवून ती ऐकून घेतली. तो खाली गेल्याबरोबर त्यांनी न्हाणीघरातला टॉवेल ओला केला, पिळला आणि दाराच्या फटीला लावला. खिडकी उघडली. मग तांदूळ धुतले. त्या दिवसापासून त्यांचा आणि माझा एक गुप्त कारभार सुरू झाला. घरच्यांना माहीत होता, पण त्यांनी तो बघितला नाही असं दाखवायचं ठरवलं होतं.

दुसरं नॅक्सोस. तिथली खोली मला आवडली. सॉकेट खिडकीजवळ, समोर समुद्र, वाफ आली की वाऱ्याने लगेच पसार. पण खोली साफ करणारी बाई केव्हाही दार उघडून यायची. तिच्या पावलांचा आवाज आला की माझी रवानगी कपाटात, गरम असलो तरी. एकदा तर मी नागसेनच्या एकुलत्या एक सुटाच्या कोटाला टेकून बसलो होतो. सूट बेटावर कशाला आणला होता, हे मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या बेटावर राहायचं ठरलंच नव्हतं. स्किनूसा त्याचं नाव, अगदी चिमुकलं. जाताजाता अर्धा दिवस उतरून पुढची बोट पकडायची, असा बेत होता. उतरल्यावर वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या. टेकडीवर एका म्हातारीच्या घरी वरच्या खोल्या मिळाल्या. म्हातारीचं नाव कॅलिओपी. काळा झगा, डोक्याला काळं फडकं, आणि नजर अशी की आपण काहीतरी चोरलंय असंच आपल्याला वाटावं. तिला बघताच मी ओळखलं की ही आपल्यातलीच.

दुपारी बेबीबाईंनी नेहमीसारखा टॉवेल लावला आणि भात चढवला. पाणी आटत आलं होतं तेवढ्यात दार वाजलं. बेबीबाईंनी माझी वायर उपटली आणि मला पांघरुणाखाली ढकललं. आत कॅलिओपी आली. तिने नाक वर करून वास घेतला. पांघरुणातून वाफ निघत होती, ती तिला दिसली. तिने पांघरूण बाजूला केलं, माझं झाकण उचललं आणि आत बघितलं.

आता दंड, पोलीस, अपमान, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. बेबीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा चोरी पकडलेल्या शाळकरी पोरीसारखा झालेला. कॅलिओपीने दोन दाणे बोटांत चिरडून बघितले, काहीतरी पुटपुटली, मला काखोटीला मारलं आणि बेबीबाईंना मानेने खूण करून जिना उतरू लागली.

खाली तिचं स्वयंपाकघर होतं. मला तिने चांगल्या सॉकेटला लावलं, भात पुरा होऊ दिला. तिच्या पातेल्यात पिवळ्या डाळीचं घट्ट वरण होतं. तिकडे त्याला फावा म्हणतात, वर कच्चा कांदा आणि तेल घालून खातात. बेबीबाईंनी चमचाभर चाखलं आणि कपाळाला आठी घातली. पिशवीतून सुक्या मिरच्या काढल्या, लसूण मागितला, आणि खमंग फोडणी दिली. कॅलिओपी खोकत खोकत अंगणात पळाली, डोळे पुसत परत आली, आणि दोन वाट्या खाल्ल्या. वारा पडेपर्यंत आम्ही खालीच होतो. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. तरी दोघी एकमेकींना दिवसभर रागावत होत्या, तेल जास्त झालं म्हणून, भांडं नीट घासलं नाही म्हणून. बेबीबाई इतक्या मोठ्याने बोलतात, हे मला तिथे कळलं.

शेवटचं सँटोरिनी. सॉकेट दिमाखदार, नळाचं पाणी मात्र पिण्यालायक नाही, भातालाही बाटलीतलं. पायऱ्याच पायऱ्या. बेबीबाई संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसायच्या आणि मी कोपऱ्यात रिकामा. मग आम्ही घरी आलो.

इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये घरटी एक जाड पोलादी दाराची खोली असते, तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात. बॉम्ब पडत नाहीत, म्हणून लोक त्यात बॅगा, जुने पंखे आणि नको असलेल्या भेटवस्तू ठेवतात. मलाही तिथेच टाकलं. हे दार स्वयंपाकघराला लागून आहे आणि दिवसा उघडंच असतं. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, आणि जे ऐकू आलं ते काही बरं नव्हतं.

बेबीबाई इथे राहतात त्या पासवर, म्हणजे सरकारने ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या परवान्यावर. त्याची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. तो वाढवायचा, की त्यांनी नागपूरला परत जायचं, हे ठरायचं होतं. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बोलायचे ते फक्त बेटांबद्दल.

"आई सँटोरिनीला खूश नव्हती," नागसेन भांडी लावता लावता म्हणाला.

"पारोसलाही नव्हत्या," हर्षा म्हणाली. "फक्त त्या छोट्या बेटावर. आठवतं ना, किती हसत होत्या? इथे आल्यापासून तसं हसताना बघितलंय का तू त्यांना?"

"नाही. म्हणजे तिला गाव हवंय. ओळखीची माणसं हवीत."

"विचार ना मग पासचं."

"मी विचारलं तर तिला वाटेल आपण घालवतोय. तू विचार."

"मी विचारलं तर जास्तच वाटेल."

शेवटी हर्षा हळूच म्हणाली, "जायचंच म्हणाल्या, तर तो छोटा कुकर त्यांच्या बॅगेत घालू या." माझं झाकण गार पडलं. आता तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर कोणता कुकर संशय घेणार नाही? मी सरळ निष्कर्ष काढला की म्हातारीला आणि मला एकाच बॅगेतून रवाना करायचा बेत शिजतोय.

दुसऱ्या बाजूलाही गडबड होती. बेबीबाई रोज सकाळी नागपूरला बहिणीला, सुलेखाला, फोन लावायच्या. स्वयंपाकघरात पाणी प्यायला येऊन तिथेच उभ्या उभ्या बोलायच्या. "तुझ्या मागची खोली रिकामी आहे का अजून?" मी ऐकलं. "नाही गं, कोणी काही म्हणत नाही मले. म्हणतच नाही, हेच तर आहे. सून लय चांगली आहे. सकाळी उठून माझे डबे भरून ठेवते, वर चिठ्ठी लावते. गरम करा अन् खा. मी काही करायले गेली तर म्हणते, आई, आयुष्यभर केलंत, आता आराम करा."

मला दोघांचाही संशय येऊ लागला. मुलगा-सून म्हातारीला घालवताहेत, आणि म्हातारी यांना न सांगता पळून जातेय. एका घरात असे दोन कट एकाच वेळी शिजताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग एका दुपारी बेबीबाई शेल्टरमध्ये आल्या. मागे वळून पाहिलं, मला उचलून पदराखाली घेतलं आणि आपल्या खोलीत नेलं. खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, बाबासाहेबांचा आणि भीमरावांचा फोटो, खिडकीतून दिसणारी समोरची इमारत. त्यांनी दार लावलं. न्हाणीघरातून टॉवेल ओला करून आणला, पिळला आणि दाराच्या फटीला लावला. खिडकी उघडली. तांदूळ धुतले.

मी तेव्हा शिजवला तो भात, पण माझं लक्ष त्यात नव्हतं. ही बाई मुलाच्या घरात होती, आणि वागत होती हॉटेलात असल्यासारखी. इथे दारावर पाटी कुठे होती? मला फार वाईट वाटलं. वास जाऊ नये म्हणून त्यांनी मूर्तीपुढे उदबत्ती लावली, आणि खाली जमिनीवर बसून वरणाशिवाय, मीठ घालून, तो भात खाल्ला. फ्रीजमधला चिठ्ठीवाला डबा त्यांनी संध्याकाळी धुऊन जागेवर ठेवला. त्यातलं जेवण समोरच्या घरातल्या मलय बाईच्या मांजरांना गेलं असावं, असा माझा संशय आहे. भेंडी मांजर खात नाही, तिचं काय झालं ते मला माहीत नाही.

हे रोज चालू झालं. हर्षा काही दिवस घरूनच काम करते. एकदा ती जेवणघरात फोनवर म्हणाली, "आईंचं काहीतरी बिनसलंय. दुपारी किती वेळ दार लावून बसतात, उदबत्त्या लावतात. विचारायचा धीर होत नाही मला." तिची पावलं दारापर्यंत आली, थांबली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. नागसेन शनिवारी तसाच आला, तसाच गेला. बेबीबाई प्रत्येक वेळी घास हातात धरून कान टवकारायच्या. पावलं लांब गेली की घास पुन्हा तोंडात जायचा.

पास संपायला थोडेच दिवस उरले होते तेव्हा मीनल आली. ती हर्षाची मैत्रीण, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते. तिला नवऱ्याबरोबर ग्रीसला जायचं होतं, त्याचीच चौकशी करायला ती दुपारचा चहा घ्यायला आली होती. न सांगता आल्यामुळे आमची पंचाईत झाली. माझ्यात भात रटरटत होता. हर्षाने हाक मारली तशा बेबीबाई घाईने बाहेर गेल्या, टॉवेल पायाने बाजूला सरकला आणि दार अर्धवट उघडं राहिलं.

"आमच्या सुट्टीत दोनच बेटं बसतात," मीनल म्हणत होती. "खरं खरं सांगा, कुठली करू?"

"सँटोरिनी," नागसेन म्हणाला. "विचारच करू नका."

"मुळीच नको," हर्षा म्हणाली. "पायऱ्या चढून आईंचे गुडघे गेले. सूर्यास्त म्हणजे काय, तर पुढच्या माणसांची डोकी. त्यापेक्षा पारोस कर. गल्ल्या सुंदर आहेत आणि निवांत आहे."

"नॅक्सोस, लाह," नात प्रियदर्शिनी फोनमधून डोकं वर न काढता, इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. "बीच इज द बेस्ट. चीज ऑल्सो."

तिघांचा वाद रंगला. मीनलचा गोंधळ वाढतच गेला. आणि बोलणं जरा थांबलं असताना, नेमकं तेव्हा, माझं पाणी आटलं.

टक्.

मी काय करणार? माझी खात्री पटली होती. त्या शांततेत तो आवाज बाहेरपर्यंत गेला, आणि पाठोपाठ वासही.

"भाताचा काय छान वास येतोय," मीनल म्हणाली. "रात्रीची तयारी आतापासून?"

नागसेन उगाच खुर्ची सरकवू लागला. मीनलला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तिने विषय बदलला. "काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला कुठलं बेट आवडलं?"

"मले ते बारकं बेट आवडलं," बेबीबाई म्हणाल्या. "जिथं वाऱ्यानं अडकलो होतो."

नागसेन हसला. "आई, तिथे बघायला काहीच नव्हतं."

"नव्हतंच. तिथं मी चोरून भात लावला होता. त्या बाईनं दार वाजवलं, आत आली, कुकर उचलला अन् म्हणे, चल खाली. म्हणजे तसंच काही म्हणाली असंल, मले काय समजते तिची भाषा. दोन दिवस तिच्या चुलीपाशी होती मी. तिनं मले कांदे चिरायले लावले."

प्रियदर्शिनीने आता फोन खाली ठेवला. "आज्जी, सिंगापूर ऑल्सो आयलंड, व्हॉट. मग याला किती स्टार?"

बेबीबाईंनी जरा विचार केला. त्या रागावल्या नव्हत्या, हे मी आवाजावरून सांगतो. "इथं सगळं चांगलं आहे बेटा. लिफ्ट आहे, समुद्र आहे, गुडघ्याले त्रास नाही. माझी माणसं आहेत." मग त्यांनी कप बशीत ठेवला. "फक्त इथं अजून कोणी माझं दार नाही वाजवलं."

मीनल शहाणी बाई. तिला एकदम शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला, कुणाकडे तरी जायचं आठवलं, आणि चहा अर्धाच ठेवून ती गेली. बेबीबाई खोलीत येऊन पलंगावर बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आता बॅग भरायला घेतील असं मला वाटलं.

दार उघडंच होतं. तरी हर्षाने ते वाजवलं.

"ये ना," बेबीबाई म्हणाल्या. "उघडंच आहे."

ती आली आणि फरशीवर माझ्यासमोर बसली. माझं झाकण उचललं. तिचे डोळे भरले होते, वाफेने नव्हे. "मला रोज वास यायचा, आई," ती म्हणाली. "मी दारापर्यंत यायचे. वाटायचं, तुम्हाला माझ्या हातचं नको झालंय. तुम्हाला आमच्यापासून लांब राहायचंय."

"अन् मले वाटायचं, तुमच्या घरात माझं काही कामच नाही."

नागसेन दारात उभा होता. तो टॉवेल उचलून त्याची घडी घालू लागला. ओल्या टॉवेलची घडी कुणी घालत नाही.

"पास वाढवायचा का, आई?" हर्षाने सरळ विचारलं. एवढंसं वाक्य, पण त्या घरात किती दिवस कुणाच्या तोंडून फुटत नव्हतं.

"वाढव," बेबीबाई म्हणाल्या. "पण ते डबे बंद कर. चिठ्ठ्या चिकटवलेले डबे पाहून दवाखान्यात असल्यावानी वाटते मले."

हर्षा हसता हसता रडली. मग तिने दुसरी ताटली आणली आणि तो भात दोघींनी खाल्ला. माझ्यात दोघींपुरताच होता, नागसेनला खरवड मिळाली.

आता मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतो, घरच्या मोठ्या कुकरशेजारी. दुपारचं स्वयंपाकघर बेबीबाईंचं आहे. इंडक्शनची बटणं त्यांना प्रियदर्शिनीने शिकवली, आणि त्या बटणांवर त्यांचा अजून विश्वास नाही. हर्षा घरी असली की फोडणीवरून दोघींचं वाजतं, अगदी मोठ्याने. तांदूळ कोणी जास्त घेतला, पाणी कोणी कमी घातलं, यावरून मलाही बोल बसतात. माझ्या झाकणाला एक तडा गेला आहे. परवा हर्षा फोनवर कुकरची चित्रं बघत होती, त्यामुळे माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. पण ते माझं मी बघेन.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. मी भांडं आहे, मला विचारता येत नाही, म्हणून मी संशय घेतो आणि पाणी संपायची वाट बघत बसतो. तुम्हाला तोंड दिलेलं आहे, दारावर थाप मारायला हात दिलेला आहे. तुमच्याच घरातल्या बंद दारामागून भाताचा वास आला, तर पावलं मागे नेऊ नका. आतलं माणूस घास हातात धरून ऐकत असतं.